समितीपुढे ठेवलेले टोमॅटो

चि. बारकी हिला,

(तू आता आमच्या दारातून वाकून आत येतेस हे मला दिसतं. पण घरातलं धाकटं माणूस ते धाकटंच, मग प्रयोगशाळेच्या दारावर त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो.)

काकाचे भरघोस आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझा खोकला गेला. (काकूच्या मते तो गेलेला नाही, मी तिच्यासमोर खोकत नाही एवढंच.) काकूचा गुडघा होता तसाच आहे आणि त्याची चौकशी केलेली तिला खपत नाही, म्हणून तुझ्या पत्रातल्या त्या ओळी मी तिला वाचून दाखवल्या नाहीत. तुझी मान कशी आहे? दिवसभर त्या यंत्रापुढे वाकून बसतेस, मग मान धरणारच. गरम पाण्याची पिशवी घेत जा. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, माझा नमस्कार सांग. त्याने माझा मोठा पाना नेलेला आहे. मी मागत नाहीये, फक्त तो माझा आहे एवढं त्याच्या कानावर घाल.

आता मुख्य विषय. तू फोनवर विचारलंस, 'काका, समितीची पाहणी कशी झाली?' मी एका शब्दात सांगितलं, 'उत्तम.' त्यावर तू बराच वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस की सविस्तर पत्र लिहा. शाळेत असताना तू पेपर देऊन यायचीस आणि 'चांगला गेला' म्हणायचीस, तेव्हा मीही असाच गप्प बसायचो. त्यामुळे तुझा संशय मला समजतो. तर सविस्तर लिहितो. मधेच उठून फोन करायचा नाही. शेवटपर्यंत वाचायचं आणि मगच काय ते बोलायचं.

सुरुवात मी समितीला जशी सांगितली तशीच तुला सांगतो. तुला ती पाठ आहे, पण मी ती नीट सांगितली की नाही हे तुला कळायला हवं. मी म्हटलं, आमच्या खालच्या शेतात कित्येक वर्षं शहरातल्या सांडपाणी केंद्राचा गाळ खत म्हणून पडत आला. फुकट मिळायचा. सगळे ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे राहायचे, रांग मोडली म्हणून भांडणंही व्हायची. काळाभोर गाळ होता, त्यावर मका माणसाच्या डोक्यावरून जायचा, कोण नको म्हणेल? मग आमची पुतणी सुट्टीला आली, बरणीभर माती घेऊन गेली आणि तिने कळवलं की त्या गाळातून काही रसायनं जमिनीत उतरलेली आहेत, जी उन्हाने, पावसाने, नांगराने, कशानेही मोडत नाहीत. तव्याला अंडं चिकटू नये म्हणून ती वापरतात म्हणे. अंड्याला तव्यावर टिकू देत नाहीत आणि स्वतः मात्र जमिनीत घर करून बसतात. (हे ऐकून समितीतले एक जण हसले. एवढा भाग चांगला गेला.)

ती किती खोल गेली आहेत, विहिरीत उतरली आहेत का, पिकात किती येतात, खाणाऱ्याच्या रक्तात किती, हे एका बरणीवरून सांगता येत नाही. त्याला मोठी तपासणी लागते आणि तपासणीला निधी लागतो. तोपर्यंत खालच्या शेतातलं कुणी काही खायचं नाही, विकायचं नाही, असं तू बजावून गेलीस. निधीवाल्यांचं म्हणणं, जमीन बिघडलेली दाखवा, मग पैसे देऊ. तुझं म्हणणं, पैसे द्या, मग जमीन बिघडली आहे का ते दाखवते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्या विहिरीचंही पाणी प्यायचं की नाही ते माहीत नाही.

बरं, त्यांचा तो नियम. पाहणीच्या दिवशी अर्ज करणाऱ्याने हजर राहायचं नाही. म्हणजे रोगी तपासायचा आणि त्याचं दुखणं ज्याला माहीत आहे त्यालाच घराबाहेर उभं करायचं. त्यामुळे सगळा भार माझ्यावर आला. तू बजावलंस की काका, काही सजवू नका, काही लपवू नका, खालचं शेत आहे तसं दाखवा आणि विचारतील तेवढंच बोला. मी होय म्हटलं. होय म्हणताना माझं मन स्वच्छ होतं, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर आमच्याकडे सल्लागारांचं पीक आलं. (त्याला खत लागत नाही.) पहिला माझा मेहुणा, काकूचा धाकटा भाऊ. उंटावरचा शहाणा. शेतीशी त्याचा संबंध ताटापुरता. त्याचं म्हणणं असं की समितीला दया यायला हवी. तेव्हा टोमॅटोचं पाणी बंद करा, झाडांना माना टाकू द्या, फाटका सदरा घाला आणि बोलताना मधूनमधून खोका. मी म्हटलं, खोकला नुकताच गेलाय. तो म्हणाला, मग परत आणा.

दुसरे पलीकडचे. बांधापलीकडची जमीन त्यांची, आणि गाळाच्या रांगेत ते नेहमी माझ्या पुढे असायचे. सध्या ते जमीन विकायच्या बेतात आहेत, गिऱ्हाईक पाहून गेलेलं आहे. संध्याकाळी येऊन ते पायरीवर बसले, हवापाण्याचं बोलले, काकूच्या गुडघ्याची चौकशी करून काकूचा राग ओढवून घेतला आणि उठता उठता म्हणाले, 'झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तुम्ही जाणते आहात.' माझ्या शेतात काही निघालं तर ते बांध पाहून थांबणार नाही, हे त्यांना तुझ्याइतकंच कळतं. माणूस वाईट नाही. माझा पाय मोडला होता त्या वर्षी माझी पेरणी त्यांनीच उरकून दिली होती, आणि वर उपकार केल्यासारखं तोंडही केलं नव्हतं. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं? मी 'बघू' म्हटलं.

तिसरी काकू. तिने सल्ला दिलाच नाही. 'बारकीने सांगितलंय तेवढं करा,' एवढंच म्हणाली. सल्ला इतका छोटा होता की माझ्या लक्षात राहिला नाही.

आता माझी बाजू ऐक. पाहणीच्या आदल्या आठवड्यात मी मेहुण्याचं ऐकून पाणी बंद करायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पाइपाच्या चावीला हात घातला आणि सहज टोमॅटोकडे पाहिलं. फळांना नुकताच रंग चढायला लागला होता. मी चावी दुप्पट सोडली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, बांधावरचं गवत तरी काढावं, पाहुण्यांच्या पायात येईल. गवत काढलं तर झाडांच्या आधाराच्या काठ्या तिरक्या दिसायला लागल्या. काठ्या सरळ केल्या तर सुतळ्या मळक्या दिसायला लागल्या. मग नवी सुतळी आणून सगळी झाडं बांधून काढली, पिवळी पानं खुडली, वाटेवरचे दगड वेचले. काकू वरच्या बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'अहो, आजारी माणसाला डॉक्टरकडे नेताना तोंडाला पावडर लावतात का?' मी म्हटलं, 'आंघोळ तरी घालतात ना?' त्यावर ती वळून घरी गेली. मी ते माझ्या बाजूचं धरलं. ह्याला सजवणं म्हणत नाहीत, बारकी. ह्याला झाडलोट म्हणतात.

(तू विचारशील, जे खायचं नाही, विकायचं नाही, ते लावलंतच कशाला? काकूही हेच विचारते. रिकामं शेत मला बघवत नाही, एवढंच माझ्याजवळ उत्तर आहे. तोडलेलं सगळं मी कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकतो.)

तर समिती आली. तिघं होते. एक अध्यक्षबाई, ठेंगण्या, चेहऱ्याने कडक, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालूनच मोटारीतून उतरल्या. मी मनात म्हटलं, ह्या कामाच्या आहेत. दुसरे एक प्राध्यापक, त्यांचा सगळा अभ्यास मधमाश्यांचा. ह्या समितीवर आपल्याला का घेतलं हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण मोकळ्या हवेत आणल्याबद्दल ते खूश होते. तिसरे निधी देणाऱ्या मंडळाचे हिशेबनीस. तरणाबांड माणूस, हातात वही, पायात पांढरेशुभ्र कापडी बूट. त्यांच्याकडे पाहून मला पहिल्यांदा माझ्या दुप्पट सोडलेल्या चावीची आठवण झाली.

बाईंनी विचारलं, 'गाळ पडलेलं शेत कुठलं?' वाट सरळ होती. गोठ्याच्या मागून उतरलं की खालचं शेत. पण मी त्यांना वरच्या शेतावरून वळसा घालून नेलं, कारण तिथून खालचं शेत फार छान दिसतं. तू कपाळावर हात मारून घेतलास, मला इथून दिसतंय. पण विचार कर, घरी आलेल्या माणसाला कुणी मागच्या दाराने आत घेतं का? वरून पाहिल्यावर प्राध्यापक म्हणाले, 'वा!' आणि मला जरा बरं वाटलं. तिथे थांबून त्यांनी मधमाश्यांबद्दल पुष्कळ सांगितलं. माश्या फुलाचा वास विसरत नाहीत म्हणे. बाई घड्याळ पाहत होत्या.

उतरताना व्हायचं ते झालं. पाण्याने पाट भरून वाटेवर आला होता आणि वरून साय धरावी तशी माती सुकलेली होती. हिशेबनिसांनी पाय ठेवला आणि तो घोट्याच्या वर आत गेला. पाय निघाला, बूट आतच राहिला. ते एका पायावर उभे, एक हात प्राध्यापकांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात वही उंच धरलेली. मी ओणवा होऊन बूट ओढून काढला. बूट आला, पांढरा रंग तिथेच राहिला. तो हातात घेऊन ते मला म्हणाले, 'ह्या चिखलात ते आहे का? अंगाला लागलं तर काही होतं का?' बारकी, तू सांगितलं होतंस की विचारतील तेवढंच बोला. पण घाबरलेल्या पाहुण्याला धीर द्यायचा नाही, असं सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, 'काही होत नाही हो. मी रोज अनवाणी वावरतो, मला काय धाड भरलीय?' त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बूट बगलेत धरून वही उघडली आणि लिहिलं की जमीनमालकास त्रास नाही. (मला उलटं वाचता येतं. शाळेत मास्तरांच्या टेबलासमोर उभं राहून शिकलो.)

मग ते टोमॅटोच्या ओळीत शिरले. मी माझ्या शेताचं कौतुक करत नाही, पण त्या दिवशी ते शेत असं दिसत होतं की दृष्ट लागावी. एकेक फळ मुठीएवढं, पानं हिरवीगार, ओळी दोरी धरल्यासारख्या. हिशेबनीस म्हणाले, 'हे बिघडलेलं शेत?' इथे मी तू सांगितलेलं बोलायला हवं होतं. की ही रसायनं डोळ्यांना दिसत नाहीत, पीक चांगलं दिसतं हीच तर फसगत आहे, म्हणून तर यंत्र हवं, म्हणून तर निधी हवा. वाक्य तयार होतं. घरी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण तोंडातून निघालं, 'गेल्या वर्षी याहून चांगलं होतं.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्राध्यापक म्हणाले, 'माझ्या बागेत असे येत नाहीत, काय घालता?' आणि मी त्यांना पाण्याच्या पाळ्या, खुडणी, बांधणी, सगळं सांगत सुटलो. हिशेबनीस लिहीत होते. तुझा निधी माझ्या डोळ्यांदेखत पाटाच्या पाण्यासारखा वाहून चालला होता आणि बांध मीच फोडत होतो, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं. फार वाईटही वाटत होतं. पण ह्या शेताला कुणी बरं म्हटलं की मी विरघळतो, माझा इलाज चालत नाही. ते वाईट आहे हे मी माझ्या तोंडाने सांगू शकत नाही, बारकी. तू यंत्राने सांग. यंत्राचं मी ऐकून घेईन.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण घराकडे वळताना मी उत्तमातले उत्तम टोमॅटो हेरून तोडले आणि सदऱ्याच्या घेरात घालून आणले. स्वयंपाकघरात काकू चहा गाळत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. मी टोमॅटो धुतले, चार चार फोडी केल्या, दोन तसेच ठेवले, काचेच्या मोठ्या ताटलीत मांडले, बाजूला मिठाची वाटी ठेवली आणि बाहेर नेऊन समितीपुढे ठेवले. का ठेवले म्हणशील तर माणसं लांबून आली होती, उन्हात हिंडली होती, चिखलात पडली होती. रिकाम्या ताटलीने त्यांची बोळवण करायची का? त्या क्षणी माझ्या डोक्यात रसायन नव्हतं, अर्ज नव्हता. पाहुणे होते आणि टोमॅटो होते.

प्राध्यापकांनी फोड उचलली. बाईंनीही उचलली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला, बाईंच्या हातातली फोड काढून घेतली, मग प्राध्यापकांच्या हातातली काढून घेतली (तोंडाच्या अगदी जवळ गेली होती), दोन्ही ताटलीत टाकल्या आणि ताटली उचलली. हे सगळं तिने इतक्या शांतपणे केलं की कुणाला काही वाटायला वेळच मिळाला नाही. मग म्हणाली, 'हे राहू द्या. बिस्किटं आहेत, ती आणते.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी विचारलं, 'का? हे खालच्या शेतातले आहेत म्हणून?' काकू हो म्हणाली. 'तुम्ही खात नाही?' नाही म्हणाली. 'मग भाजी कुठून आणता?' काकू म्हणाली, 'बाजारातून. पिशवी घेऊन जाते.' बाई म्हणाल्या, 'शेत असून?' काकू म्हणाली, 'शेत असून. नात सुट्टीला येते तेव्हा तिच्यासाठी काकडीसुद्धा विकत आणते. ती विचारते, आजी, आपल्या शेतातली का नाही? तिला मी काय सांगू? हे विष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण पाहुण्याला द्यायचं ते खात्रीचं द्यायचं, आणि ह्याची आम्हाला खात्री नाही. खात्री करून घ्यायलाच तर पुतणीने तुमच्याकडे पैसे मागितले ना?'

माश्यांच्या प्राध्यापकांनी रिकामा हात रुमालाला पुसला. ताटली काकूच्या हातात तशीच होती. इतके देखणे टोमॅटो घरच्या बाईने पाहुण्यांपुढून उचलून न्यावेत, हे मला बघवेना. मी त्यातला एक अख्खा उचलला, मिठात बुडवला आणि उभ्याउभ्या खाल्ला. शौर्य म्हणून नव्हे. तेवढ्या टोमॅटोंच्या बाजूने कुणीतरी असायला हवं होतं. बाईंनी विचारलं, 'तुम्ही नेहमी खाता?' मी म्हटलं, 'छे, आजच.' काकूने माझ्याकडे पाहिलं नाही. ती ताटली घेऊन आत गेली आणि मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला.

त्यानंतरचं थोडक्यात. बाई पुष्कळ वेळ लिहीत होत्या. हिशेबनिसांनी मघाशी लिहिलेल्या ओळीवर काट मारली, आणि माझ्याकडे न पाहता बूट धुवायला पाणी मागितलं. बिस्किटं मऊ पडली होती, तरी सगळ्यांनी खाल्ली. जाताना फाटकापाशी बाई मला म्हणाल्या की निधीची शिफारस आम्ही करू, पण एक अट आहे. शेत हवं तिथे, हवं तेवढं खणू देईन आणि जो निकाल निघेल तो जागेसकट जाहीर होईल, मग तो चांगला असो की वाईट, अशी मालकाची लेखी संमती लागेल. अशी संमती द्यायला कुणी तयार होत नाही म्हणून त्यांच्याकडे कितीतरी अर्ज पडून आहेत. सगळ्यांना तपासणी हवी असते, पण शेजाऱ्याच्या शेतात. संमतीचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि विचार करून पाठवा म्हणाल्या. मी 'बघू' म्हटलं. हल्ली मी हेच सगळ्यांना म्हणतो.

तर एकंदरीत पाहणी उत्तम झाली, हे मी फोनवर सांगितलं ते खरंच होतं. फक्त ती माझ्यामुळे उत्तम झाली असा तुझा समज झाला असेल, तर तो काढून टाक.

थोरल्यांना नमस्कार, तुला पुन्हा आशीर्वाद, आणि मानेला गरम पाण्याची पिशवी.

तुझा,
विचारल्यापेक्षा जास्त बोलणारा काका

ता. क. संमतीचा कागद ह्याच पाकिटात आहे. सही केली आहे. सही करण्याआधी मी पलीकडच्यांना जाऊन सांगितलं, कारण बातमी त्यांना दुसरीकडून कळावी हे मला पटेना. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, संपला शेजार. आज सकाळी मी पाण्याची पाळी बदलत होतो, तर ते बांधावर येऊन उभे राहिले. म्हणाले, 'विहिरीचं पाणी पण तपासतील का? माझ्या विहिरीचं?' मी म्हटलं, 'आणि गिऱ्हाईक?' ते म्हणाले, 'त्याचं बघू. नातवंडं पितात ते पाणी.' तेव्हा त्यांचीही विहीर धर.

ता. क. दुसरा. हा तुझ्या एकटीसाठी. काकू लांब कुठे गेलेली नाही, परसातच आहे, म्हणून घाईने लिहितो. आजच खाल्ला असं मी समितीला सांगितलं ते खरं नाही. मी खातो. तू नको म्हणून गेलीस तेव्हापासून खातोय. मुद्दाम नाही, बारकी. तोडायला जातो, खड्ड्यापाशी टोपली घेऊन उभा राहतो, आणि टाकवत नाही. मग एखादा तिथेच खातो, कधी थोडे घरी आणून मागच्या खोलीत टोपलीत ठेवतो आणि येताजाता खातो. बाजारातल्या टोमॅटोला ती चव नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण खाल्ल्यावर भीती वाटते. आधी वाटत नव्हती, हल्ली वाटते. तर माझं एवढं काम कर. तुझ्या अर्जात रक्त तपासायचं लिहिलंय, त्यात माझं रक्त सगळ्यांत आधी घे, आणि गुपचूप घे. निकाल वाईट आला तर मला सांग, काकूला मी सांगेन. चांगला आला तर तिला अजिबात सांगू नकोस, कारण मग मी खात होतो हे तिला कळेल.

ता. क. तिसरा. हे मी, काकू, लिहिते आहे. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं. लग्न झाल्यापासून ह्यांची सगळी पत्रं मीच चिकटवते, आणि मी ती वाचत नाही असं ह्यांना अजून वाटतं. हे खातात ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मागच्या खोलीतली टोपली मी रोज बदलते. त्यांचे काढून घेते आणि तिथे बाजारातले ठेवते. ज्या चवीची ते शपथ घेतात ती बाजारातलीच आहे, पण तसं त्यांना कळवू नकोस. काढलेले मी टाकले नाहीत, तुला तपासायला लागतील म्हणून मागे पिंपात झाकून ठेवलेत, आणि आता वास यायला लागलाय, तेव्हा लवकर ये. टोपलीतले मी बदलले, बारकी, पण झाडावरचे कसे बदलू? तिथे ते एकटे असतात आणि माझा गुडघा मला उतरू देत नाही. माती कुठे जात नाही, ती नंतर खण. आधी ह्यांचं रक्त घे. सुईला फार भितात. मी हात धरून बसेन.